ठासणीचं बूच: एक काढायचं, एक राहू द्यायचं

प्रश्न असा आहे. पाटण तालुक्यातला एक तरुण ओहायोत नोकरीला आहे. तिथे त्यानं ५० कॅलिबरची वापरलेली इनलाइन ठासणीची रायफल घेतली. आधीच्या मालकानं ब्रीच प्लग, म्हणजे नळीचं मागचं बूच, बहुधा कधी काढलाच नव्हता, आता तो पाना लावूनही हलत नाही. नवा प्लग घ्यायचा तर कुठला आणि त्याची निगा कशी राखायची, हे त्याला हवंय. सोबत दुसरी शंका. गावी वडिलांकडे शेतीसंरक्षणाच्या परवान्यावरची, आजोबांपासूनची ठासणीची बंदूक आहे. हल्ली तिची टोपी फुटते पण बार उडत नाही. "काका, दिवाळीत येतोय, तेव्हा तिचंही बूच काढून साफ करू का?"

दुसऱ्याचं उत्तर आधी देतो, कारण त्यात घाई आहे. नको. त्या बुचाला हात लावू नकोस.

आता का ते सांगतो. आमचं साताऱ्यातलं दुकान आजोबांपासूनचं, बंदूकदुरुस्तीच्या परवान्याचं. मधली चौदा वर्षं, १९९९ ते २०१३, मी मिशिगनमध्ये एका टूलरूममध्ये होतो आणि डिसेंबरात तिथला ठासणीचा सीझन लागला की हरणामागे बर्फात बसायचो. त्यामुळे तुझ्या दोन्ही बंदुकांची जातकुळी माझ्या हाताखालून गेलेली आहे. आणि गंमत ही, की मागचं बूच हा एकच भाग दोघींत आहे, पण नियम एकमेकांच्या अगदी उलट. तुझ्या रायफलीचं बूच दर वेळी निघालंच पाहिजे. वडिलांच्या बंदुकीचं बूच कारखान्यात एकदा बसलं ते बसलं.

जुन्या बंदुकीत बूच आट्यांवर घट्ट आवळून बसवलेलं असतं आणि त्याच्या मागे एक पट्टी, शेपटीसारखी, वरून दस्त्यावर स्क्रूनं धरलेली असते. म्हणजे बूच नेमकं अशा जागी थांबायला हवं की शेपटी बरोबर वर येईल. कारागिरानं कानशीनं घासून, लावून, काढून, परत घासून ते जमवलेलं असतं. एकदा उघडून परत आवळलंस की शेपटी रेषेच्या पुढे जाते किंवा अलीकडे राहते. अलीकडे राहिली म्हणजे बूच सैल. त्याहून वाईट प्रकार म्हणजे बाजूचा ठोकळा, ज्यात निपल, म्हणजे टोपी बसवायचं भोकाचं बोंडूक, बसतं. कित्येक बंदुकांत तो नळीच्या भिंतीतून आरपार जाऊन बुचाच्या आट्यांत शिरलेला असतो. तो आधी न काढता बूच फिरवलंस तर आतले आटे किसणीवर खोबरं किसावं तसे निघतात. अशी एक बंदूक जावळीच्या बाजूनं माझ्याकडे आली होती. कुणीतरी लेथवर धरून बूच फिरवलं होतं. बाहेरून काही दिसत नव्हतं, वर रंगही मारलेला. मी आत दिवा सोडून पाहिलं आणि मालकाला सांगितलं, आता हिला भिंतीवर ठेवा. तो माणूस बराच वेळ नुसता बंदुकीकडे बघत बसला. त्याच्या आजोबांची होती.

तर तुझ्या रायफलीकडे येऊ. इनलाइन म्हणजे ठिणगी बाजूनं न येता नळीच्या सरळ रेषेत मागून येते. कल्पना जुनी आहे, पण बाजारात ती रुजली ती मिसुरीतल्या टोनी नाइट यांच्या १९८५ च्या एमके-८५ पासून. तिचं एक मोठं आकर्षण हेच होतं की मागचा प्लग काढून नळी आरपार साफ करता येते. म्हणजे काढता येणारं बूच ही या बंदुकीची सोय नाही, तो तिचा पायाच आहे. ज्यानं ते वर्षानुवर्षं काढलं नाही त्यानं नवी बंदूक घेऊन जुन्यासारखी वापरली.

अडकलेला प्लग काढायच्या आधी गज, म्हणजे बार ठासायची सळई. पाना नाही, तेल नाही, आधी गज. नळीत गज सोड, तोंडापाशी बोटानं खूण धर, बाहेर काढून नळीवर बाहेरून ठेवून बघ. तो प्लगच्या तोंडापर्यंत पोचायला हवा. तीन-चार बोटं आधीच थांबला तर आत बार आहे. वापरलेल्या बंदुकीत हे वाटतं त्यापेक्षा जास्त वेळा निघतं. आत बार असेल तर पुढचं काहीही स्वतः करू नकोस, प्रायमर (ठिणगी देणारी छोटी टोपी) काढून, तोंड सुरक्षित दिशेला ठेवून तिथल्या गनस्मिथकडे दे.

रिकामी असेल तर नळी दस्त्यापासून सोडव. नळीचं तोंड वर करून आतून प्लगवर झिरपणारं तेल ओत आणि रात्रभर उभी ठेव. दुसऱ्या रात्री उलटी करून मागच्या बाजूनं आट्यांवर तेल दे. तिथले लोक अॅसिटोन आणि गिअरबॉक्सचं एटीएफ तेल निम्मंनिम्मं मिसळून वापरतात. मीही वापरलंय, चालतं. पण ते मोकळ्या हवेत, विस्तवापासून लांब, आणि दस्त्याच्या पॉलिशला लागू न देता. असं चार-पाच दिवस. मग नळीत उकळतं पाणी ओत. मीठ आणि काजळी धरून बसलेली असते ती पाण्यानं आणि उष्णतेनं जरा सुटते.

आता वाइस. नळी सागाच्या दोन फळ्यांत किंवा जाड चामड्यात धर. पाना प्लगलाच बनवलेला हवा, किंवा सहा कोनांचा बॉक्स पाना. बारा कोनांचा नको, तो कोपरे खातो. आधी केसभर आवळायच्या दिशेनं, मग सोडायच्या दिशेनं. पान्याच्या दांड्यावर लाकडी हातोडीचे छोटे छोटे ठोके दे. जोर नको, झटका हवा. पाइप घालून दांडा लांब करायचा मोह होतो. आमच्या कुपवाड एमआयडीसीतला कुठलाही पोरगा तेच करेल. इथे तसं केलंस तर प्लगचं डोकं तुटेल किंवा आटे येतील. आणि गॅसची ज्योत तर अजिबात नाही. त्या नळीला आणि प्लगला उष्णतेचे संस्कार दिलेले असतात, लाल केलंस की ते गेले. हा भाग तुझ्या गालापासून वीतभर अंतरावर असतो एवढं लक्षात ठेव.

आठवडाभरात नाही निघाला तर गनस्मिथ. निघाला, पण आट्यांवर धातूचे तंतू दिसले, तरीही गनस्मिथ. आटे फाटलेल्या नळीत नवा प्लग घालून भागत नाही.

आटे फाटतात कसे ते मी स्वतःच्या खर्चानं शिकलोय. २००० सालचा माझा पहिला सीझन. दोन बार काढले, नळी पुसली, तेल लावलं आणि प्लग तसाच ठेवला. स्टेनलेस आहे, त्याला काय होणार! मार्चमध्ये काढायला गेलो. अर्धा फेरा आला आणि थांबला, मग करकरला, मग घट्ट. लेथवर काम केलेल्या माणसाला तो आवाज कळायला हवा होता. स्टेनलेस स्टेनलेसला चावतं. कोरडं, दाबाखाली, मधे बारीक कचरा असेल तर दोन्ही पृष्ठभाग एकमेकांना धरून फाडतात. मला ते माहीत होतं, रोज लोकांना सांगत होतो, आणि स्वतःच्या बंदुकीला मात्र विसरलो. नळी आणि प्लग दोन्ही बदलावी लागली.

आता निवड. पहिली अट कंटाळवाणी आहे पण तीच महत्त्वाची. प्लग तुझ्या रायफलीच्या नेमक्या मॉडेलचा हवा. एकाच कंपनीच्या एकाच नावाच्या रायफलीत काही वर्षांनी प्लग बदललेला असतो. आटे दोन-तीन फेरे गेले म्हणजे तो बसला असं नव्हे. नळीवरचं नाव आणि सिरियल नंबर सांगून माग.

त्यानंतर दारू. प्लग दारूप्रमाणे निवडायचा, हे लोकांच्या लक्षातच येत नाही. ते प्रायमरपासून सुरुवात करतात.

आपल्या जुन्या भाषेत तोफेला आणि बंदुकीला 'कान' असतो, बत्ती पोचायचं भोक. तोफ निकामी करायची तर कानात खिळा ठोकायचे. इनलाइनच्या प्लगलाही मधोमध तसाच कान असतो, फक्त तो साधारण पाऊण मिलिमीटरचा. प्रायमरची आग त्यातून दारूपर्यंत जाते. हा कान प्लगमध्ये कुठे आहे, मागची वाट किती मोकळी आहे आणि दारूकडचं तोंड खोलगट आहे की सपाट, यावर सगळं अवलंबून असतं.

पायरोडेक्स किंवा ट्रिपल सेव्हन या काळ्या दारूऐवजी वापरायच्या दारूंच्या दाबलेल्या वड्या, म्हणजे पेलेट, वापरणार असशील तर बहुतेक मूळ प्लग चालतात. पायरोडेक्सच्या पेलेटला एका टोकाला काळ्या दारूचा लेप असतो आणि ते टोक प्लगकडे ठेवायचं असतं, त्यामुळे ती लवकर पेट घेते. ट्रिपल सेव्हनची एक खोड आहे. गोळी बसते त्याच्या आसपास नळीत एक कडक कडं धरतं, दुधाच्या पातेल्याच्या खरवडीसारखं. दुसरी गोळी त्या कड्यावर अडते आणि माणसाला वाटतं की ती तळाला पोचली. दारू आणि गोळी यांत पोकळी राहणं हा ठासणीतला सगळ्यात मोठा धोका. म्हणून गजावर भरलेल्या बाराची खूण कायमची करून ठेवायची आणि दर वेळी ती तोंडापाशी आली का बघायचं. उपाय दोन. दोन बारांच्या मधे ओलसर फडकं फिरवायचं आणि जरा सौम्य २०९ प्रायमर, म्हणजे शॉटगनच्या काडतुसाचा, घ्यायचा. ठासणीसाठी म्हणूनच तसे मिळतात.

तू लिहिलंस की तुला ब्लॅकहॉर्न २०९ वर जायचंय. २००८ पासून बाजारात असलेली ही दारू नायट्रोसेल्युलोजवर आधारलेली आहे. खरवड नाही, गंज जवळजवळ नाही, दिवसभर न पुसता बार काढता येतात. पण ती पेटायला हट्टी आहे. तिला जोरकस २०९ लागतो, फेडरल २०९ए किंवा सीसीआय २०९एम, आणि असा प्लग लागतो ज्याचा कान दारूच्या अगदी तोंडाशी आहे आणि प्रायमरपासून तिथपर्यंतची वाट रुंद, मोकळी आहे. पेलेटच्या प्लगवर ती भरलीस तर 'टक्... धडाम' असा उशीर होईल, किंवा नुसतंच 'टक्'. तसं झालं तर निदान १ मिनिट तोंड लक्ष्याकडेच ठेवून थांब. ओहायोच्या जानेवारीतल्या थंडीत हे प्रकार वाढतात. बऱ्याच कंपन्या या दारूसाठी वेगळा प्लग विकतात, काहींत प्रायमरच्या खोबणीत छोटी रबरी ओ-रिंग असते. तुझ्या मॉडेलला तो मिळत असेल तर तोच घे. मिळत नसेल तर दारू बदलायचा विचार सोड. प्लगला स्वतः ड्रिल मारून वाट रुंद करायची नाही.

आणि ब्लॅकहॉर्न धूर कमी करते म्हणून ती काडतुसातल्या बिनधुराच्या दारूची बहीण समजू नकोस. काडतुसाची बिनधुराची दारू तुझ्या रायफलीत कधीच नाही, चिमूटभरही नाही. तिच्यासाठी बांधलेल्या ठासणीच्या रायफली वेगळ्या असतात, सॅव्हेजची १०एमएल तशी होती. तुझी ती नव्हे.

प्रायमरचं थोडक्यात. २०९ ओहायोत चालतो. पण उद्या पश्चिमेकडे शिकारीला गेलास तर नियम वाच. ऑरेगनमध्ये ठिणगीचा भाग उघडा लागतो, कोलोराडोत ठासणीच्या सीझनला दुर्बीण, सॅबो (गोळीभोवतीचं प्लास्टिकचं वेष्टण) आणि पेलेट चालत नाहीत. काही रायफलींना त्यासाठी टोपीचा वेगळा प्लग मिळतो. लार्ज रायफल प्रायमरवर चालणाऱ्याही आहेत, २०१४ ची रेमिंग्टन ७०० अल्टिमेट आणि २०१९ ची सीव्हीए पॅरामाउंट त्यातल्याच. त्या लांबच्या नेमबाजीच्या. तुला झाडीत शंभर यार्डांवर हरीण मारायचंय, तिकडे पैसे घालू नकोस.

पान्याचा प्लग की हातानं निघणारा? थॉम्पसन सेंटरचा पाव फेऱ्यात सुटणारा, ट्रॅडिशन्सचा तीन फेऱ्यांत, सीव्हीएचा बोटांनी फिरणारा. मी पूर्वी पान्याच्या बाजूचा होतो, घट्ट बसलेलं बरं वाटायचं. आता मत बदललंय. जो प्लग काढायला सोपा तो माणूस काढतो. पान्याचा असेल तर पाना गॅरेजमध्ये राहतो, मग 'उद्या बघू' होतं आणि मार्च उजाडतो. हातानं निघणाऱ्याला पान्यासाठीही खाच ठेवलेली असते, फार काजळी धरली तर वापरायला. तुझ्या मॉडेलला दोन्ही मिळत असतील तर डोळे झाकून हाताचा घे. आणि दोन घे. एक बंदुकीत, एक डबीत. शिकारीच्या पहाटे कान बुजला तर बर्फात बसून तो साफ करण्यापेक्षा दुसरा फिरवलेला बरा.

काही नंतर मिळणाऱ्या प्लगांत कानाचा भाग वेगळा, बदलता येणारा असतो, कठीण धातूचा छोटा स्क्रू. वर्षाला शेकड्यानं बार काढणाऱ्याला तो परवडतो. तू सीझनला वीस-पंचवीस काढशील. साधा पुरे.

आता निगा, आणि हेच खरं काम. माझ्या टेबलावर मी कसं करतो ते सांगतो.

प्लग काढला की आधी ट्यूबलाइटकडे धरून कानातून बघायचं. सुईच्या अग्राएवढा गोल, पांढरा ठिपका दिसला पाहिजे. अर्धा दिसतो किंवा पिवळट दिसतो म्हणजे आत काजळी. मग १/८ इंचाचा ड्रिल बिट, म्हणजे सव्वातीन मिलिमीटरच्या जवळपासचा, चिमटीत धरायचा आणि मागच्या बाजूनं वाटेत हळूहळू फिरवायचा. मशीन नाही, फक्त बोटं. ब्लॅकहॉर्न वापरली असेल तर बिटच्या खोबणीतून काळे, कडक तुकडे निघतात, पेन्सिलच्या शिशासारखे. कागदावर झटकायचे, परत फिरवायचा. बिट गुळगुळीत फिरायला लागला की थांबायचं. तो तळाला टेकल्यावर पुढे दाबू नये, तिथे आता धातू आहे. ही वाट तुझ्या प्लगची केवढी आहे ते आधी पुस्तिकेत बघून घे, अरुंद असेल तर बिटही बारीक.

कानासाठी वेगळी, बारीक पिन. ती नळीसोबत मिळते किंवा ठिणगीच्या भोकाची साफ करायची तार म्हणून विकतात. ती ढकलायची, कोरायची नाही. कान मोठा होतो तो आपण कोरून आणि आगीनं झिजून. नव्या प्लगचा साधारण ०.०२८ ते ०.०३२ इंच असतो, म्हणजे ०.७ ते ०.८ मिलिमीटर. ०.९ मिलिमीटरचा बिट सहज आत जायला लागला की प्लग बदल. तो बिट गेज म्हणून डबीतच ठेव, ड्रिल म्हणून नाही. कान मोठा झाला की नळीतला दाब मागे यायला लागतो. प्रायमर फुगून निघतो, दुर्बिणीच्या मागच्या काचेवर काजळी बसते आणि कालपर्यंत एका वाटीत बसणारे बार आज ताटभर पसरतात. लोक दुर्बीण बदलतात, सॅबो बदलतात. कानाकडे कुणी बघत नाही.

काजळी मागे येण्याचं दुसरं कारण प्रायमर आणि बंद होणारा भाग यांतली फट. वापरलेला प्रायमर काढून त्याच्या बाजू बघ. पूर्ण काळ्या असतील तर तो नीट दाबला जात नाही. नवा प्रायमर घालून रायफल मिटताना बोटाला किंचित अडल्यासारखं वाटायला हवं. खडखडीत मिटली तर फट आहे. ओ-रिंग झिजली असेल तर बदल, नाहीतर गनस्मिथकडून पातळ वॉशर घालून घे.

धुणं दारूप्रमाणे. काळी दारू, पायरोडेक्स, ट्रिपल सेव्हन यांना पाणी. गरम पाणी, थोडा भांड्यांचा साबण. पायरोडेक्समध्ये परक्लोरेट असतं, जळल्यावर क्लोराइड उरतं, म्हणजे आपल्या ताटातल्या मिठाचाच भाऊ. मीठ तेलात विरघळत नाही. नुसतं तेल लावून ठेवलं म्हणजे लोणच्याच्या बरणीवर तेलाचा थर दिला, खाली मीठ आपलं काम करतच राहतं. आधी पाणी, मग कोरडं, मग तेल. ब्लॅकहॉर्नला मात्र पाणी नाही, तिची काजळी त्यात सुटत नाही. तिला रायफलीचं साधं बोअर सॉल्व्हंट. प्लग त्यात रात्रभर बुडवून ठेव. सोनारांकडे दागिने धुवायला असतं तसलं छोटं अल्ट्रासॉनिक यंत्र मिळालं तर उत्तम.

आट्यांना तारेचा किंवा नायलॉनचा ब्रश, नळीतल्या आट्यांनाही. तो भाग सगळे विसरतात. मग अँटिसीझ, म्हणजे आटे धरू न देणारं वंगण, तांब्याचं किंवा निकेलचं. तांदळाच्या दाण्याएवढं, मधल्या आट्यांवर. प्लगच्या तोंडाला आणि कानाला लागू द्यायचं नाही, नाहीतर पहिलाच बार फुसका. खाण्याच्या तेलाचं किंवा मेणाचं वंगण इथे नको, ते करपून डिंक होतं. नळाला लावतात ती पांढरी टेफ्लॉन टेपही चालते, दोन वेढे, आट्यांच्या दिशेनं, तोंडाकडचे एक-दोन आटे मोकळे सोडून. मी थंडीत टेप पसंत करतो, बोटांना चिकटत नाही. दर वेळी जुनी टेप पूर्ण काढायची, तुकडा आत राहू द्यायचा नाही.

बसवताना हातानं तळापर्यंत, मग पान्यानं नुसतं टेकवायचं. आवळायचं नाही. हा मोटारीच्या चाकाचा नट नव्हे.

आणखी एक, जे इथे बसून सुचत नाही. बाहेर शून्याखाली, घरात हीटर. भरलेली रायफल दोन्हींकडे आत-बाहेर केलीस तर नळीत आणि प्लगच्या वाटेत दव धरतं. चष्म्यावर येतं तसंच. सकाळी दारू ओली. शक्य तर दिवसाच्या शेवटी नियमात बसेल तसा बार काढून टाकावा, नाहीतर प्रायमर काढून रायफल थंड, कुलपाच्या जागीच ठेवावी.

आता वडिलांची. बूच न काढता तिचं काय करायचं? ती टोपी फुटूनही बार घेत नाही, यात नव्वद टक्के वेळा दोष निपलचा किंवा तेलाचा असतो.

माझ्याकडे येणाऱ्या बंदुकांचं निपल बघून मी गाव सांगतो, हा माझा जुना खेळ आहे. महाबळेश्वर-कोयनेकडं वर्षाला पाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस. तिथल्या निपलचे आटे गंजानं लाल, भोकात हिरवट काळा गाळ. माण, जत, आटपाडीकडं पाचशेच्या आसपास. तिथं गंज नाही, पण तेलात बसलेली बारीक धूळ, कानशीच्या चुऱ्यासारखी. पाटणची असेल तर मला गंजाचीच शंका.

त्यात तेल कुठलं लावतात तेही बघ. गावाकडे खोबरेल लावतात. थंडीत ते थिजतं आणि निपलच्या भोकात मेणासारखं बसतं. दिवाळीनंतर बंदुका 'मुक्या' होतात त्याचं हे एक कारण. शिलाई मशीनचं पातळ तेल लावावं, तेही थोडं. बंदूक कोपऱ्यात तोंड वर करून उभी करतात, मग नळीतलं सगळं तेल उतरून बुचापाशी साचतं. तेल लावल्यावर एक दिवस तोंड खाली करून, खाली फडकं घालून ठेवायची. हा एवढा बदल केला तरी निम्म्या तक्रारी थांबतात.

मग निवडणुका. २०२४ मध्ये मेमध्ये लोकसभा झाली आणि नोव्हेंबरात विधानसभा. दोन्ही वेळा आचारसंहितेत परवान्याच्या बंदुका ठाण्यात जमा. दुसऱ्या वेळी तर पावसाळा नुकताच सरलेला. जमा करताना पुसून, कोरडी करून, हलकं तेल देऊन करायची आणि परत आली की त्याच दिवशी गज, पाणी, फडकं. पोलिसांनी ती साफ करावी ही अपेक्षा चुकीची आहे.

वडिलांना सांग, आधी गज टाकून रिकामी असल्याची खात्री करा. जुन्या बंदुका भरलेल्याच खुंटीला राहतात, आणि काळी दारू कोरडी राहिली तर पन्नास वर्षांनीही पेटते. आजोबांच्या हातचा बार आत असू शकतो. असेल तर टोपी लावून बघायचं नाही, भरलेली आहे हे आधी फोनवर कळवून मगच दुकानात आणायची. निपलही घरी पकडीनं काढू नका. त्याला चपट्या बाजूंचा वेगळा पाना लागतो, आणि आटे कुठले आहेत ते मोजल्याशिवाय दुसरं निपल फिरवायचं नाही, मिलिमीटरचे आणि इंचाचे आटे दोन फेरे फसवतात. निपलचं भोकही झिजतं. घोडा बारागणिक मागे उडायला लागला की निपल गेलं समजा.

आमच्या मिरजेच्या सतारी जगात जातात. त्या बनवायला सुरुवात करणारे फरीदसाहेब मूळ शिकलगार, हत्यारांना धार-पाणी करणाऱ्या घराण्यातले. एकोणिसाव्या शतकात हत्यारांचं काम आटलं तेव्हा तोच हात लाकडाकडे वळला. मला ते का आठवतं, तर निपल बसवताना शेवटचा पाव फेरा सतारीची खुंटी पिळावी तसा द्यावा लागतो. एका जागी ते 'बसतं', हाताला कळतं. हे लिहून शिकवता येत नाही.

दिवाळीत येशील तेव्हा बंदूक वडिलांनीच घेऊन यायला हवी, मूळ परवान्यासकट. परवाना त्यांच्या नावावर आहे, तू एकटा ती एसटीत घालून आणू शकत नाहीस. दुरुस्तीही परवानाधारकाकडेच, शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम ५ मध्ये दुरुस्तीचा धंदाही येतो. लेथवाला मित्र कितीही चांगला असला तरी त्याला त्यात ओढू नकोस. आणि तिकडून बापासाठी म्हणून निपल, प्लग, टोप्या किंवा प्रायमर सामानात टाकून आणू नकोस. कायद्याच्या लेखी बंदुकीचे भागही शस्त्रच आहेत, आणि टोप्या-प्रायमर विमानात चढवणं हा वेगळाच गुन्हा. निपल माझ्याकडे आहेत. आणायचंच असेल तर तिथल्या हार्डवेअरच्या दुकानातून आकड्यांच्या बारीक ड्रिल बिटांचा एक संच आण, ६१ ते ८० नंबरचा. माझा ६९ नंबर गेल्या पावसात मोडला.